दोन तारखांची भांडी

अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर आली की आष्टीच्या आमच्या गल्लीत एक आवाज सुरू होतो, आणि तो आमच्याच दुकानातून निघतो. भांड्यांवर नाव टाकायच्या मशीनचा आवाज. मशीन कसली, मुठीत मावेल एवढं नळकांडं, पुढे सुई आणि मागे वायर. सुई स्टीलला टेकली की असं किर्रर्र होतं की नव्या गिऱ्हाइकाचे दात आंबतात. माझ्या कानांना मात्र पस्तीस वर्षांत तो आवाज म्हणजेच लग्नसराई होऊन बसला आहे. बँड मागाहून वाजतो, मंगलाष्टकं त्याच्याही मागाहून. आधी आमची मशीन वाजते.

यंदाही ती वाजते आहे. बाहेर पंचेचाळीसचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. गुंड, गंज, कोपर, पराती, गडवे, डब्यांचे सेट. नवरीची आई, मावशी, आत्या, आणि त्यांच्यामागे घाम पुसत उभा असलेला नवरीचा बाप, ज्याला कुणी काही विचारत नाही आणि ते त्यालाही ठाऊक असतं. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास नव्या स्टीलच्या वासात मिसळतो. एके काळी हा वास नाकात गेला की मला भूक लागायची. पंगतीची आठवण यायची.

लोकांना नावाची भारी हौस. वाटी एवढीशी, आणि तिच्यावर देणाऱ्याचं, देणाऱ्याच्या बापाचं, गावाचं आणि माजी सरपंच असल्याचंही नाव टाकून पाहिजे. मी म्हणायचो, भाऊ, सरपंचकी परातीवर मावेल, वाटीवर मावायची नाही. एकानं तर चमच्यांच्या डझनावर 'मामाकडून सप्रेम' टाकून नेलं होतं. मी खूप थट्टा करायचो लोकांची. थट्टा करता करता सुई फिरवायचो आणि रेघ कधी हलली नाही.

आता मशीन माझ्या हातात नसते. हात थरथरतो. पल्लवी धरते. पल्लवी माझी मुलगी, एकुलती एक. तोंडाला ओढणी बांधून, मांडीवर गोणपाटाचा तुकडा घेऊन ती कूलरच्या कडेला बसते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पोरींची नावं टाकते. सौ. अमुक, सौ. तमुक, खाली लग्नाची तारीख. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख येतं. बायका हात लावून पाहतात आणि म्हणतात, 'वा बाई, छापल्यावानी.' मग त्यातल्या एकीला काहीतरी आठवतं, ती दुसरीला कोपरानं ढोसते, आणि दोघी भांड्यांचा भाव विचारू लागतात. हे मी दर वैशाखात पाहतो.

घरी माळ्यावर एका पोत्यात पाच भांडी आहेत. पितळेचा गुंड म्हणजे पाण्याचा हंडा, कोपर म्हणजे खोलगट परात, गडवा म्हणजे गळ्याचा तांब्या, आणि ताट-वाटी. आमच्याकडे मुलीला आंदणात ही पाच द्यावीच लागतात, बाकी मिक्सर-फ्रिज तुम्ही काय द्याल ते द्या. त्या पाचही भांड्यांवर माझ्या हातचं नाव आहे : सौ. पल्लवी मंगेश. आडनाव टाकलं नाही. त्यांचं आडनाव लांबलचक, गडव्याच्या गळ्याशी मावलं नसतं. नावाखाली दोन तारखा आहेत. एक खोडलेली, एक न खोडलेली.

मंगेश हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरचा. घरी शेती, आणि हा वीज खात्यात लाइनमन. दोन हजार वीसच्या माघात साखरपुडा झाला. उंच, काळासावळा, बोटांवर तारांचे जुने वळ. बोलणं कमी आणि हसणं जास्त. पहिल्या दिवसापासून त्यानं मला 'मामाजी' म्हणायला सुरुवात केली. आमच्या भागात जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो. मला मुलगा नाही, भाचा नाही, त्यामुळे ही हाक मला नवीन होती, आणि खरं सांगतो, फार गोड वाटली. फोन आला की मी मुद्दाम दोनदा 'कोण बोलतं?' विचारायचो, त्यानं 'मी मंगेश बोलून राह्यलो, मामाजी' म्हणावं म्हणून.

साखरपुड्यानंतर दोन्ही घरची मंडळी गिरडला गेलो होतो. त्यांच्या घरची पद्धत, कुठलंही कार्य ठरलं की गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्याला चादर चढवायची. पायऱ्या चढताना मी आणि पल्लवीची आई मागे राहिलो. ही दोघं पुढे. हवेत अजून गारवा होता. मंगेश मध्येच थांबून खाली रस्त्याकडेचे खांब दाखवत होता. हा असा वाकला तर काय करतात, त्यावर कसं चढतात, काहीतरी. जगात कुठल्या नवरदेवानं होणाऱ्या बायकोला विजेचे खांब दाखवले असतील! पण पल्लवी मान वर करून ते खांब असे पाहत होती की पल्लवीची आई मला म्हणाली, 'पाहून घ्या तुमच्या पोरीले.' मी पाहून घेतलं. तेवढंच माझ्याकडे आहे.

फाल्गुनात, होळीच्याही आधी, मी ती पाच भांडी काढली. मला घाई एवढ्यासाठी की एकदा सराई सुरू झाली की लोकांची नावं टाकता टाकता आपल्या पोरीचं राहून जाईल. दुपारी दुकान अर्धं ओढून घेतलं आणि बसलो. 'पल्लवी'तलं जोडाक्षर गडव्याच्या गोलाईवर नीट बसत नाही, सुई घसरते. आयुष्यात कुठल्या नावाला लावला नसेल एवढा वेळ मी त्या एका अक्षराला लावला. झाल्यावर खडूची पूड चोळली, म्हणजे नाव उठून दिसतं. मग वैशाखातल्या मुहूर्ताची तारीख टाकली. पल्लवीनं येऊन पाहिलं, गडव्यावरून बोट फिरवलं, आणि 'अजून झाली नाई ना मी सौ.!' म्हणून लाजून हसली. मी म्हटलं, 'होशीन. दोन महिने तं राह्यले.'

गुढीपाडव्याला सगळं बंद झालं.

तो वैशाख ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अक्षय्य तृतीयेला माझी मशीन बंद होती. भांड्याचं दुकान जीवनावश्यकात येत नाही. रास्तच आहे, कोपर नाही म्हणून कुणी मरत नाही. मी घरी बसून दुपारी कान देऊन ऐकायचो. चौकातला पोलिसाचा भोंगा, एखादी अॅम्ब्युलन्स, आणि मग इतकी शांतता की कूलरचं पाणी टपकलेलं ऐकू यायचं. संत्र्यांच्या बागांना आंब्या बहाराची बारकी फळं लागलेली होती. कोपऱ्यात पत्रिकांचा गठ्ठा पडून होता, चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लागलेला. पहिली पत्रिका पद्धतीप्रमाणे आम्ही देवापुढे ठेवली होती. एकदा देवाला निमंत्रण दिलं की ते परत घेता येत नाही म्हणतात. आम्ही घेतलं. घेतलं म्हणजे मी घेतलं.

कारण मंगेशचा फोन आला होता. सकाळची वेळ, मी अंगणात रोपांना पाणी टाकत होतो.

'मामाजी, मी काय म्हणतो, आई-बाबा, मी, माह्यी बहीण अन् एक भटजी. पाच माणसं. तहसीलमंधून पास काढून घेतो. सकाळी निघतो, तुमच्या अंगणात हार टाकतो, अन् संध्याकाळच्या आत पल्लवीले घेऊन वापस. मोकळं झालं का मंग गावाले जेवण देजा तुम्ही. मी सोता वाढतो पंगतीत.'

मी म्हणालो, 'मंगेशराव, पाच माणसांत का लग्न होते? पाच माणसांत माती होते.'

बोललो आणि जीभ चावली. पण शब्द तो, एकदा सुटला की सुटला. मंगेश हसला. 'तुम्ही बी ना, मामाजी,' म्हणाला. 'आमची ड्युटी तं चालूच हाय. रोज दहा गावं फिरून राह्यलो. म्हनून म्हटलं, होऊन गेलं असतं तं बरं झालं असतं.' त्याचं ते 'रोज दहा गावं' मी ऐकलं आणि पुढे गेलो. मी म्हटलं, आजार वाढून राहिला, आताच जीव धोक्यात कशाला घालायचा, पुढच्या वैशाखात थाटात करू. त्याच्या वडिलांनाही, म्हणजे आमच्या इवायालाही, मी तेच सांगितलं. ते बिचारे सरळ माणूस. म्हणाले, मुलीकडचे तुम्ही, तुमची सोय ती आमची सोय.

आजाराची भीती हे कारण खोटं नव्हतं. पण ते दुसऱ्या नंबरचं कारण होतं. पहिलं कारण असं की आष्टीत असं घर नाही ज्याच्या ताटावर माझ्या हातचं नाव नाही. प्रत्येकाच्या पंगतीत मी जेवलो. सगळ्यांचे सोहळे पाहिले, आणि माझ्याच पोरीचं लग्न अंगणात चोरासारखं उरकायचं? लोक काय म्हणतील हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही, कारण उत्तर मला तोंडपाठ होतं. घाईघाईनं उरकलं म्हणजे काहीतरी भानगड असेल, असं म्हणतील. मी स्वतः असं दुसऱ्यांच्या पोरींबद्दल म्हटलेलं आहे, याच दुकानात, याच गादीवर बसून.

पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, 'बाबा, करून टाका ना. मले नाई पायजे बँड अन् पंगत.'

मी म्हटलं, 'तुले नाई पायजे, मले पायजे.'

ती आत गेली. एवढंच बोलणं झालं त्यावर आमचं. पुढे कित्येकदा मी ते वाक्य मनात वेगळं करून पाहिलं आहे. 'बरं, पाहू' म्हणालो असतो. 'आईले विचारू' म्हणालो असतो. दोन शब्दांत काम झालं असतं. पण मला त्या वेळी आपण फार मोठे बाप आहोत असं वाटत होतं.

त्या दुपारी मी पाची भांडी काढली आणि तारखेवर आडवी रेघ मारली. पल्लवीची आई ओरडलीच, 'काऊन खोडून राह्यले? अपशकुन असते थे.' मी म्हटलं, चुकीची तारीख तशीच ठेवणं हा जास्त अपशकुन. खाली पुढच्या सालातली तारीख टाकली. इवायाच्या भटजीनं फोनवरच पंचांग पाहून मुहूर्त काढून दिला होता. घरात बसून बसून माझ्या हाताला काम नव्हतं. घरी आणून ठेवलेली मशीन बऱ्याच दिवसांनी वाजली म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

तुळशीच्या लग्नानंतर मंगेशनं पुन्हा विचारलं. आता पन्नास माणसांची परवानगी होती. गावात दोन-चार लग्नं झाली, मास्क लावलेले नवरा-नवरी मी पाहिले. मला ते बोहल्यावरचे दरोडेखोर वाटले. मी म्हटलं, मंगेशराव, एवढं थांबले, आता थोडं आणखी. नंतर गुरू-शुक्राचा अस्त लागला, मुहूर्तच नव्हते, आणि माझ्या हट्टाला पंचांगाचीही साथ मिळाली. तोवर पल्लवी त्याच्याशी रोज संध्याकाळी गच्चीवर फोनवर बोलायची. तिचं हसणं खाली यायचं. म्हणजे आपण फार काही बिघडवलेलं नाही, असं मी समजत होतो.

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात दुसरी लाट आली. मंगेशला ताप आला. आधी घरीच होता, मग श्वास लागला, आणि वर्ध्याच्या एका दवाखान्यात नेलं. इवाई स्वतः तापानं अंथरुणावर. दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. वॉर्डाचा एक फोन नंबर होता, त्यावर दुपारी पेशंटची तब्येत सांगायचे. पल्लवीनं त्यावर फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून पलीकडचं बोलणं मी ऐकलं.

'कोण बोलता पेशंटचे?'

'घरची,' पल्लवी म्हणाली.

'घरची म्हंजे कोण? बहीण?'

पल्लवीनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

'ताई, नातं सांगा, मले लिहा लागते.' बाईचा आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता.

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मी फोन घेतला आणि म्हटलं, 'मी त्याचा सासरा बोलतो.'

'मंग काका, त्यायच्या मिसेसले द्या ना फोन.'

त्याची मिसेस माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी होती. मी म्हटलं, 'लग्न... व्हायचं आहे अजून.' ती बाई म्हणाली, 'मंग आईलेच विचारून घ्या काका. घरच्यायलेच सांगता येते आमाले.' आणि फोन बंद झाला. तिचं काही चुकलं नाही. दिवसात असे शेकडो फोन घेणाऱ्या बाईनं कुणाकुणाचं ऐकावं? तिनं फक्त विचारलं होतं की ही त्याची कोण.

पुढचे सात दिवस पल्लवी त्याच्या आईच्या फोनची वाट पाहत बसायची. आई रडायची जास्त आणि सांगायची कमी. आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. पल्लवी अंगणात कुरडया वाळत घालत होती. लग्नासाठी म्हणून तिची आई आणि शेजारणी महिनाभर खपत होत्या, गच्चीवर आणि अंगणात पांढऱ्या धोतरांवर कुरडया-पापड पसरलेले. तिनं फोन ऐकला. फोन कमरेला खोचला. हातातला साचा रिकामा होईपर्यंत राहिलेल्या दोन कुरडया टाकल्या. मग आत येऊन मला म्हणाली, 'बाबा, मंगेश गेला.'

त्याला वडनेरला आणलंच नाही. वर्ध्यालाच सगळं झालं. पांढऱ्या किटमधले चौघे, आणि लांब उभा असलेला त्याचा चुलतभाऊ. त्या चुलतभावानंच मला फोनवर सांगितलं, 'आमी पाचच होतो, काका.' त्याला माझं ते बोलणं माहीत असायचं कारण नाही. त्यानं सहज सांगितलं.

मग पल्लवीनं काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. सुतक धरायचं का? तेरवीला जायचं का? मी आमच्या भटजींना विचारलं. ते म्हणाले, 'लग्न झालं नाई तं तुमाले काईच लागत नाई. देवपूजा करू शकता.' म्हणून आमच्या घरात दुसऱ्या दिवशीपासून देवपूजा झाली. मी घंटी वाजवली. पल्लवीच्या हातात साखरपुड्याच्या हिरव्या बांगड्या होत्या. त्या काढायच्या की ठेवायच्या, हेही कुणी सांगितलं नाही. विधवेच्या बांगड्या फोडायला चार बाया येतात, हिच्यासाठी कोण येणार? त्या आपसूक एकेक करून गेल्या. एक भांडी घासताना, एक शटर ओढताना, दोन बादलीवर आपटून. शेवटची दिवाळीच्या सुमारास फुटली. तिनं तुकडे झाडूनं भरले आणि कचऱ्यात टाकले.

पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही.

पावसाळ्यात दुकान उघडलं तेव्हाची गोष्ट. समोर कापडाचं दुकान आहे, पुरुषोत्तमभाऊंचं. माझ्या बरोबरीचे, चांगले माणूस, रोज सकाळी माझ्या गादीवर येऊन पेपर वाचायचे. ते आले, बसले, आणि हळू आवाजात म्हणाले, 'भाऊ, देवानंच बुद्धी देल्ली तुमाले. मागच्या साली करून टाकलं असतं तं आज पोरगी पांढऱ्या कपाळानं बसली असती घरात. तुमी थांबले म्हनून वाचली.'

आणि मी, पल्लवीचा बाप, काय म्हणालो? 'हो भाऊ. देवाची कृपा.' तोंडातून निघून गेलं. नुसतं निघून गेलं असंही नाही. त्या क्षणी मला बरं वाटलं. कुणीतरी सांगत होतं की तू चुकला नाहीस, उलट शहाणा ठरलास. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा मी तो शब्द धरला.

डब्यांच्या मांडणीमागून पल्लवी बाहेर आली. हातात चहाचे दोन कप होते. एक तिनं पुरुषोत्तमभाऊंपुढे ठेवला, एक माझ्यापुढे. साखर बरोबर होती.

मग तेच सगळे म्हणायला लागले. नातेवाईक म्हणाले, शेजारी म्हणाले, स्थळ आणणारा प्रत्येक जण म्हणाला. मुलीचं नशीब पहा कसं जबर आहे, ऐन वेळी लग्न पुढे ढकललं. आणि मागच्या दारानं तेच लोक एकमेकांना पायगुणाचंही बोलले, ते माझ्या कानावर आलंच. माझ्या चुकीचा लोकांनी मोठेपणा केला आणि तिच्या दुःखाचा अपशकुन केला. मी कुणालाही थांबवलं नाही. प्रत्येक वेळी मान हलवली. 'नाही, त्यानं विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, तिनंही विचारलं होतं, मी नाही म्हणालो' हे एवढं सांगायला पाच वर्षांत मला एक माणूस मिळाला नाही. मिळाला नाही म्हणजे मी शोधला नाही.

'मामाजी' म्हणणारं तर आता कुणीच नाही. इवायाला, म्हणजे मंगेशच्या वडिलांना, दिवाळीला फोन करतो. दोघेही एकमेकांना नावानं हाक मारायचं टाळतो. पीकपाण्याचं बोलतो आणि ठेवतो.

यंदा एक स्थळ आलं आहे. आर्वीचा मुलगा, मुलगा म्हणजे चाळिशीतला, शाळेत शिपाई. त्याची बायको त्याच साथीत गेली, आठ वर्षांची मुलगी आहे. माणूस साधा वाटला. त्यांची अट एकच, लग्न साधं करायचं, घरच्या घरी. मध्यस्थ मला भीत भीत म्हणाला, 'चार-पाचच माणसं राहतीन. चालीन ना तुमाले?' मी चटकन हो म्हटलं. इतक्या चटकन की मला माझीच शरम वाटली.

पल्लवीला विचारलं. ती कुणाच्या तरी ताटावर नाव टाकत होती. मान वर न करता म्हणाली, 'येऊ द्या रविवारी.' मी तो होकार समजलो. बाप असाच असतो, पोरगी 'येऊ द्या' म्हणाली की तो मांडवाची जागा पाहायला लागतो. मला वाटलं, आता आंदण लागेल. माळ्यावरची पाच भांडी अशीच पडून आहेत, पितळ जुनं आणि जाड, आज तसं मिळतही नाही. नाव घासून काढलं, पॉलिश केलं, की नव्यासारखी होतील. पुन्हा नाव टाकता येईल.

काल दुपारी जेवायला घरी आलो. पल्लवीची आई झोपली होती. मी स्टुलावर चढून पोतं उतरवलं. पितळ काळवंडलं होतं, पण नाव स्पष्ट होतं. खडूची पूड अजून अक्षरांत होती. मी ओसरीवर बसलो, पॉलिश पेपर घेतला आणि गडव्यापासून सुरुवात केली. थरथरत्या हातानं नाव टाकता येत नाही, पण घासता येतं, हे मला काल कळलं.

पहिलं अक्षरही पुसट झालं नव्हतं तोच पल्लवी दुकानातून आली. गळ्यात ओढणी, बोटांना स्टीलची भुकटी. पेल्यात ताक घेऊन माझ्यापर्यंत आली आणि थांबली. तिनं पेला खाली ठेवला, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या हातातून गडवा काढून घेतला. रागानं नाही, लहान पोराच्या हातातून काच काढून घेतात तसा. गळ्याशी बोट फिरवून पाहिलं. ते जोडाक्षर शाबूत होतं.

'राहू द्या बाबा,' ती म्हणाली. 'माह्या लग्नाचं तेवढंच तं झालं.'

अंगणात ऊन पांढरं पडलं होतं. मी गडव्याकडे पाहिलं. वरची तारीख, तिच्यावरची माझी रेघ, आणि खालची दुसरी तारीख, जी खोडायची हिंमत मला कधी झाली नाही.

'रविवारी त्यायले नाई म्हणून सांगू का?' मी विचारलं.

'येऊ द्या. बिचारे उन्हातानाचे येतीन. चहा करून देईन मी.'

'अन् मंग?'

'मंग काई नाई.'

तिनं गडवा ओढणीच्या टोकानं पुसला, गुंडात ठेवला, गुंड पोत्यात घातला आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. तेव्हा मी म्हणालो. पाच वर्षं गिळून ठेवलेलं एवढंसं वाक्य.

'पल्लवी, माह्यं चुकलं होतं, पोरी.'

सगळ्या आष्टीनं मला शहाणा ठरवलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी जगलो असतो.

'हो बाबा,' ती म्हणाली.

मग तिनं ताकाचा पेला माझ्याकडे सरकवला आणि उठली. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं. मी ओसरीवर बसून ताक पीत होतो तेव्हा गल्लीच्या टोकाला मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.